पडवी कीं खोली?

‘घर पहावें बांधून, लग्न पहावें करून’ ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडीं आहे. म्हण रचणारानें तिसरी एक गोष्ट मात्र सांगितली नाहीं: बांधलेलें घर पहावें वाढवून. नवें घर बांधणारास मोकळी जमीन मिळते आणि कोऱ्या कागदावर मनास येईल तशी रेघ ओढतां येते. राहतें घर वाढविणाराचें तसें नसतें. त्याच्या प्रत्येक रेघेखालीं कोणाची तरी झोंपण्याची जागा, कोणाची तरी शिवणाची खिडकी, कोणाचें तरी वाळवण येतें. म्हणून हा प्रश्न वरकरणीं गवंड्याचा दिसला तरी वस्तुतः तो कुटुंबाचा असतो. गेल्या हिंवाळ्यांत तो आमच्या घरीं उभा राहिला आणि त्याचा निकाल लागण्यास तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत जें विचारमंथन झालें तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस उपयोगी पडेल, या समजुतीनें येथें मांडीत आहों.

आमचें घर विरारच्या पूर्वेस फुलपाड्यास आहे. जीवदानीचा डोंगर आणि पापडखिंडीचें धरण हीं दोन्हीं जवळच. विरारहून मुंबईकडे आगगाडी १८६७ सालींच धावूं लागली होती. तरी आमच्या आजोबांनीं येथें घर बांधलें तेव्हां या बाजूस वाड्या, विहिरी आणि भाताचीं खाचरें यांखेरीज फारसें कांहीं नव्हतें. आतां भोंवतीं उंच इमारती झाल्या आहेत, आणि त्यांच्या मधोमध आमचें कौलारू घर एखाद्या म्हाताऱ्या पाहुण्यासारखें अंग चोरून बसलें आहे. पुढें ओटी, मध्यें माजघर, दक्षिणेस स्वयंपाकघर, उत्तरेस दोन खोल्या, आणि मागें पूर्वेच्या अंगास लांबच लांब पडवी. पडवीपुढें परसदार, त्यांत विहीर, सोनचाफ्याचें एक झाड आणि कोपऱ्यांत न्हाणीघर. एवढ्या जागेंत आम्ही अकरा माणसें राहतों.

जागेची अडचण दोन बाजूंनीं आली. पुतण्याची पत्नी एका कंपनीचें काम घरूनच करते. सकाळीं नऊ वाजतां ती माजघरांत संगणक मांडून बसली कीं मुलांनीं मोठ्यानें पाढे म्हणूं नयेत, मिक्सर लावूं नये, दारावरच्या भाजीवालीशीं घासाघीस करूं नये असे निर्बंध सुरू होतात. हा झाला नित्याचा त्रास. दुसरी गोष्ट गंभीर होती. कार्तिकांत एके पहाटे आमच्या आत्याबाई न्हाणीघराकडे जातांना परसदारच्या पायरीवर घसरून पडल्या. हाड मोडलें नाहीं. परंतु पायरीची चढउतार यापुढें टाळावी आणि रात्रीं अंधारांत तर मुळींच बाहेर पडूं नये, असें डॉक्टरांनीं बजाविलें.

आत्याबाईंचें वय एकोणऐंशी. छत्तिसाव्या वर्षीं वैधव्य आल्यावर त्या माहेरीं आल्या, त्याला आतां त्रेचाळीस वर्षें झालीं. या घरांतील किती बाळंतपणें, मुंजी आणि आजारपणें त्यांच्या हातांखालून गेलीं, याची गणती नाहीं. त्यांचें अंथरूण मात्र प्रथमपासून माजघरांत, देव्हाऱ्याच्या भिंतीशीं. सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि फडताळांतला खालचा कप्पा. रात्रीं शेवटचें माणूस आंत गेल्यावर त्यांनीं आडवें व्हावयाचें, आणि पहाटे पहिलें माणूस उठण्यापूर्वीं अंथरूण गुंडाळावयाचें, हा त्यांचा शिरस्ता.

घर वाढवावयाचें हें सर्वांस मान्य झालें. दादांच्या निवृत्तीच्या पैशांतील कांहीं, आमची एक ठेव आणि धाकट्या बंधूंची शिल्लक मिळून एकच काम होण्याजोगी रक्कम उभी राहिली. काम कोणतें, यावर मात्र दोन पक्ष पडले.

पहिला पक्ष कांचेचा. धाकट्या बंधूंचा मुलगा इंग्लंडांत लेस्टर येथें नोकरीस आहे. त्यानें आपल्या भाड्याच्या घरामागील कांचेच्या खोलीचीं छायाचित्रें धाडलीं. तिला तिकडे कॉन्झर्व्हेटरी म्हणतात. तिच्या तीन भिंती कांचेच्या, छप्पर कांचेचें, आंत वेताच्या खुर्च्या आणि कुंड्या. आपल्या पडवीस तशीच कांच लावली तर सूनबाईंस कामास जागा होईल, आत्याआजीस सकाळचें ऊन मिळेल, मुलांचा अभ्यास तेथें होईल आणि पाहुण्यांस बसवावयासहि ती शोभेल, असें त्याचें म्हणणें. मुलांनीं तिचें लगेच ‘कांचमहाल’ असें नामकरण करून टाकलें. ॲल्युमिनियमचें काम करणाऱ्या एका कारागिरानें तीन आठवड्यांत सर्व उभें करून देण्याचें कबूल केलें, आणि त्याचा आंकडा खोलीच्या आंकड्याहून बराच कमी होता.

दुसरा पक्ष विटांचा. पडवीच्या उत्तर टोकास परसदारीं सरकवून एक नेटकी खोली काढावी, तिला लागूनच न्हाणीघर व शौचकूप असावें, असें दादांचें मत. त्यास वेळ अधिक, पैसा अधिक आणि कागदपत्रांची यातायातहि अधिक.

कांचेच्या पक्षाची बाजू आम्हीं सहानुभूतीनें ऐकली, कारण कांचेच्या घराचा इतिहास खरोखरच मनोरंजक आहे. युरोपांतील राजेरजवाड्यांस नारिंगाच्या झाडांचा शोक. पण तीं झाडें तिकडच्या थंडींत तग धरीत नसत. म्हणून हिंवाळ्यांत त्यांस ठेवावयास मोठाल्या खिडक्यांचीं दालनें बांधीत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें व्हर्साय येथें असें एक प्रचंड दालन १६८४ ते १६८६ या काळांत बांधविलें. इंग्लंडांत कांचेवर जबर कर होता; तो १८४५ सालीं उठला, खिडक्यांवरील कर १८५१ सालीं गेला, आणि कांच मध्यम वर्गाच्या आटोक्यांत आली. त्याच १८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कांत लोखंडाचें व कांचेचें १८४८ फूट लांबीचें क्रिस्टल पॅलेस उभें राहिलें. त्याचा आराखडा काढणारे जोसेफ पॅक्स्टन हे मूळचे माळी, एका ड्यूकच्या बागेचे मुख्य माळी. पुढें ही इमारत दुसऱ्या जागीं हलविण्यांत आली आणि १९३६ सालीं आगींत नष्ट झाली. आपल्याकडेहि बेंगळुरूच्या लालबागेंत १८८९ सालीं त्याच धर्तीवर कांचगृहाचा पाया घातला गेला; अजूनहि फुलांचीं प्रदर्शनें तेथें भरतात.

या सर्व इतिहासांत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. कांचेचें घर प्रथम माणसासाठीं नव्हतेंच; तें झाडासाठीं होतें. परक्या थंडींत सांपडलेल्या उष्ण देशच्या झाडास त्याच्या मायभूमीची ऊब मिळावी, एवढ्यासाठीं तें निघालें. जें झाड मूळचें आमच्याच अंगणांतलें, त्याला कांचेंत कोंडण्याचें प्रयोजन काय?

हें केवळ वक्तृत्व नव्हे, हें गणित आहे. लंडन साडेएकावन्न अक्षांशांवर आहे. तेथें डिसेंबरांत ऐन मध्यान्हीं सूर्य क्षितिजापासून सुमारें पंधराच अंश वर येतो आणि दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. असें तिरपें, कोंवळें ऊन हातचें जाऊं नये म्हणून भिंतीच्या जागीं कांच लावणें हें तिकडे शहाणपणच होय. फुलपाडा सुमारें साडेएकोणीस अक्षांशांवर. आमच्याकडे डिसेंबरांतहि मध्यान्हीचा सूर्य सत्तेचाळीस अंशांच्या आसपास चढतो, आणि वर्षांतून दोनदां, मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास व पुन्हां जुलैच्या अखेरच्या आठवड्यांत, तो नेमका डोक्यावर येतो. त्या दिवशीं माध्यान्हीं उभ्या काठीची सांवली पडत नाहीं. भर उन्हाळ्यांत सूर्य डोक्यावर असतांना कांचेचें छप्पर म्हणजे काय होईल, तें सांगावयास शास्त्रज्ञ नको. प्रकाश कांचेंतून आंत येतो. फरशी, भिंती, सामान तो शोषून तापतात. तापलेली हवा एरवीं वर जाऊन निघून जाते, ती छपराखालीं कोंडून राहते, आणि वस्तूंनीं परत टाकलेली उष्णताहि कांचेंतून सहजीं बाहेर पडत नाहीं.

आम्ही हें सर्व कागदावर आकृति काढून समजावीत होतों. तेवढ्यांत वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत येऊन म्हणाल्या, “भाऊजी, एवढें कशाला? आपली सौरचूल आहे ना? काळी पेटी आणि वर कांच. तिच्यांत वरणभात शिजतो. तिच्यांत आत्याबाईंना बसवायचें का, एवढेंच विचारा.” आमच्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाचें काम त्या एका वाक्यानें झालें.

कांचेच्या पक्षानें तरी हार मानिली नाहीं. पडदे लावूं, पंखा लावूं, वातानुकूल यंत्र बसवूं, असे उपाय निघाले. उन्हासाठीं कांच लावावयाची, मग ऊन नको म्हणून तिच्यावर पडदा टाकावयाचा, आणि त्यानंतर उकाड्यासाठीं विजेचें बिल भरावयाचें, ही परंपरा दादांस पसंत पडली नाहीं. पुन्हां आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा. या पट्ट्यांत वर्षास दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाहीं. पश्चिमेच्या वाऱ्यावर झोडपीत येतो. कौलाचें एक कौल फुटलें तर शिडी लावून दुसरें बसवितां येतें. कांचेच्या सांध्यांत मात्र जो मसाला भरतात तो उन्हापावसांत कालांतरानें तडकतो, आणि मग पाणी कोठून येतें तें शोधण्यांत पावसाळा संपतो. बंद जागेंतील दमट हवेस वाट नसली कीं बुरशी धरते. शेजारच्या वाडींतील माडावरून नारळ किंवा झावळी पडली तर काय, हाहि प्रश्न होताच.

सर्वांत मार्मिक साक्ष लेस्टरहूनच आली. आम्हीं पुतण्यास विचारलें कीं, तुमच्या त्या खोलींत तुम्ही वर्षांतून किती दिवस बसतां? मुलगा प्रामाणिक. त्यानें उत्तर दिलें, “काका, डिसेंबरांत ती बर्फासारखी असते, जुलैंत भट्टीसारखी. एप्रिल-मे आणि सप्टेंबर, एवढे दिवस छान.” त्यानेंच पुढें कळविलें कीं, इंग्लंडांत तीस चौरस मीटरांहून लहान कॉन्झर्व्हेटरीस इमारतीच्या नियमांतून सूट मिळते, पण तीस मुख्य घरापासून बाहेरच्या प्रतीच्या दारानें किंवा भिंतीनें वेगळें ठेवावें लागतें, आणि घराची ऊब तिच्यांत सोडलेली चालत नाहीं. हें ऐकून आमचा संशय पार फिटला. ज्या देशांत ही खोली रुजली त्या देशाचा कायदाच तिला सूट देतो ती पुरती घरांत न घेण्याच्या अटीवर. ती तिकडची ओटी आहे, माजघर नव्हे.

येथवर विटांच्या पक्षाची सरशी झाली असें वाचकांस वाटेल. पण त्याहि पक्षास एका अवघड प्रश्नाचें उत्तर देणें भाग होतें. आमच्या माजघराच्या दोन्हीं खिडक्या पडवींत उघडतात. पडवी कांचेनें बंद केली काय किंवा तिच्यांत विटांची खोली घातली काय, माजघराचा वारा सारखाच जाणार. नवी खोली मिळवितांना जुनी खोली आंधळी करावयाची, हा व्यवहार पुष्कळ घरांत होतो आणि दहा वर्षांनीं लक्षांत येतो. दिवसा दिवा लावावा लागणारीं किती माजघरें आम्हीं पाहिलीं आहेत! घरांत वारा व उजेड नसण्याची किंमत मुंबईनें एकदां फार मोठी मोजली आहे. १८९६ सालीं तेथें प्लेग आला आणि कोंदट चाळींत त्यानें थैमान घातलें. त्यानंतर १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें त्या ट्रस्टनें उजेडाचा एक नियम केला: खोलीस उजेड देणाऱ्या भिंतीच्या पायथ्याकडून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेघ क्षितिजाशीं साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक उभी नसावी. म्हणजे भिंती कितीहि बांधा, पण आभाळाचा एक तुकडा प्रत्येक खोलीच्या वांट्यास ठेवा. हल्लींच्या राष्ट्रीय इमारत संहितेंतहि उष्ण व दमट हवेच्या प्रदेशांत खिडक्यांची उघडी जागा फरशीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-षष्ठांश असावी, असें सांगितलें आहे. कोरड्या उष्ण प्रदेशास एक-दशांश पुरते. आम्हांस घामाचा वारसा असल्यामुळें वारा अधिक लागतो.

यावरून असें ठरत आलें कीं, पडवी मोकळीच ठेवावी, आणि खोली माजघराच्या खिडक्या टाळून उत्तरेच्या टोकास काढावी. आमच्या पूर्वजांनीं पडवी उगाच उघडी ठेविली नव्हती. तिच्या वळचणीनें दुपारचें ऊन भिंतीवर येत नाहीं, पागोळ्या घरापासून दूर पडतात, आणि सावलींत थंड झालेला वारा खिडकीवाटे माजघरांत शिरतो. इंग्रजानें ऊन धरण्यासाठीं खोली काढली, कोंकण्यानें ऊन अडविण्यासाठीं पडवी काढली. दोघांनींहि आपापल्या आभाळास अनुसरून घर बांधलें.

घराच्या रिवाजाप्रमाणें लहानांपासून मतें घेत घेत शेवटीं वडिलांकडे जावयाचें असतें. त्याप्रमाणें सर्वांचें बोलणें झाल्यावर दादांनीं आत्याबाईंस विचारलें. त्या वाती वळीत बसल्या होत्या. खोली मुख्यत्वें त्यांच्यासाठींच काढावयाची, तेव्हां त्या संतोषानें होकार देतील अशीच सर्वांची अटकळ होती. त्या म्हणाल्या, “मला विचाराल तर कांचेचीच पडवी करा.”

दादांनीं कारण विचारलें. थोडा वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “अरे, माजघरांत पडलें कीं सगळें ऐकूं येतें. कोण आलें, कोण गेलें, मुलांची भांडणें, सुनेचें तें इंग्रजी बोलणें. माझ्या आत्येसासूंना त्यांच्या म्हातारपणीं अशीच मागची खोली दिली होती. चांगली होती खोली. ताट नेऊन ठेवीत, ताट उचलून आणीत. सहा महिन्यांत त्या बोलायच्या बंद झाल्या. कांचेंतून निदान माणसें दिसतील.”

माजघरांत कोणीच बोललें नाहीं. अक्षांश, पाऊस आणि वारा यांचा हिशेब आम्हीं केला होता तो बिनचूक होता. पण आत्याबाईंनीं जें मांडलें तें त्या हिशेबाच्या कोणत्याच रकान्यांत बसत नव्हतें. आपल्या घरांत वृद्धांस ‘वेगळी खोली दिली’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. एकांत मान असतो, दुसऱ्यांत निरोप असतो. बांधकाम दोन्हींचें सारखेंच: चार भिंती, एक दार, एक खिडकी. मग फरक करावयाचा कसा?

त्या रात्रीं धाकट्या सूनबाईंनीं कागद पुढें ओढला आणि नवा आराखडा काढला. संगणकावर दिवसभर काम करणाऱ्या त्या मुलीनें प्रश्न मांडला तो असा कीं, आत्याआजी दिवसाच्या कोणत्या तासाला कोठें असतात? पहाटे देवापाशीं. सकाळीं भाजी निवडावयास पडवींत. दुपारीं निजण्यापुरत्या एकट्या. संध्याकाळीं मुलांच्या परवच्यास माजघरांत. रात्रीं पुन्हां एकट्या, आणि दोनदां तरी उठणें. म्हणजे त्यांस एकांत हवा तो दुपारच्या दोन तासांचा आणि रात्रीचा. उरलेला सर्व दिवस त्यांस माणसें हवींत. हें कोष्टक मांडल्यावर खोलीची जागा, दाराची दिशा आणि खिडकीची उंची आपोआप ठरत गेली.

ठरलें तें असें. खोली बारा फूट बाय दहा फूट. संहितेप्रमाणें राहण्याच्या मुख्य खोलीस निदान साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारें एकशें दोन चौरस फूट लागतात. त्याहून ही थोडी मोठी झाली. एकशें वीस चौरस फुटांस एक-षष्ठांश म्हणजे वीस चौरस फूट खिडकी हवी. चार फूट बाय तीन फूट अशा दोन खिडक्या घेतल्या, त्या चोवीस झाल्या. एक पूर्वेस परसदाराकडे, दुसरी दक्षिणेस पडवींत. ही पडवींतली खिडकी हाच आराखड्याचा गाभा. तिचा कठडा खाटेच्या उंचीला, म्हणजे निजलेल्या माणसास पडवींतून येणारें-जाणारें माणूस दिसावें आणि येणारा-जाणारासहि चार शब्द बोलल्यावांचून पुढें जातां येऊं नये. दार तीन फूट रुंद, पडवींतच उघडणारें, उंबरठ्याशिवाय. पुढेंमागें चाकांची खुर्ची लागली तरी अडूं नये. खोलीस लागून न्हाणीघर व शौचकूप, तेंहि त्याच पातळीवर. पायरी कोठेंहि नाहीं. जोतें परसदारापेक्षां अडीच फूट वर, कारण २००५ च्या २६ जुलैचा पाऊस आम्हीं पाहिला आहे, आणि २०१८ च्या जुलैंत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखालीं गेलेले आम्ही विसरलों नाहीं.

सूनबाईंच्या कामाचें काय? आत्याबाईंनींच उत्तर दिलें. त्या दिवसभर बाहेरच असणार. तेव्हां सकाळीं नऊ ते एक आणि तिसऱ्या प्रहरानंतर सूनबाईंनीं त्यांच्या खोलींत टेबल मांडावें. “भाडें म्हणून मला तुझ्या त्या यंत्रावर कीर्तन लावून दे,” एवढी त्यांची अट. एका खोलीचे असे दोन पाळ्यांत दोन उपयोग झाले.

आणि कांच? ती अगदींच वगळली नाहीं. कौलारू घरांत अंधाऱ्या जागीं एखाददुसरें कांचेचें कौल बसविण्याची रीत कोंकणांत जुनी आहे. मंगळूरला बासेल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढल्यापासून चपटीं मंगळुरी कौलें या किनाऱ्यावर सर्वत्र पसरलीं, आणि त्याच मापाचीं कांचेचीं कौलेंहि मिळूं लागलीं. माजघराच्या छपरांत तशीं दोन कौलें घालावयाचें ठरलें. त्यांतून सकाळीं नऊच्या सुमारास एक कवडसा देव्हाऱ्याजवळ उतरेल. आमच्या उन्हास एवढी कांच पुरेशी आहे.

परवान्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. घरमालकाच्या स्वतःच्या जागेंत खोली काढावयाची तर विचारावें कोणास, असा समज खेड्याचें शहर झालेल्या गांवांत अजून आढळतो. आमच्या जुन्या कागदांवर ठाणें जिल्हा आहे. १ ऑगस्ट २०१४ पासून आम्ही पालघर जिल्ह्यांत आहों. पूर्वीं विरारची नगरपालिका होती; २००९ सालीं वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका मिळून महानगरपालिका झाली. तेव्हां १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणें परवानगीचा अर्ज महापालिकेकडे करावयाचा, तोहि परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता यांच्या सहीच्या नकाशासह. पडवीस कांच लावून ती बंद करणें हेंहि बांधकामच ठरूं शकतें. ‘कांचेस कोण विचारतो’ असें म्हणणाऱ्या कारागिरावर विसंबूं नये. तसेंच झाड आड येत असेल तर १९७५ च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणें त्याचीहि परवानगी लागते. आम्हीं खोली सोनचाफ्यापासून आठ फूट अलीकडेच थांबविली, त्यामुळें तो प्रश्न उद्भवला नाहीं.

या निर्णयांत कांहींच गमावलें नाहीं असें मात्र नव्हे. परसदाराचा उत्तरेचा भाग गेला. तेथें दिवसभर स्वच्छ ऊन असे. वहिनी व आमच्या सौभाग्यवती यांच्या कुरडया, सांडगे आणि गव्हल्यांची ती हक्काची जागा. आतां वाळवण विहिरीच्या बाजूस जाणार आणि तेथें दुपारीं दोननंतर शेजारच्या इमारतीची सांवली येते. मुलांचा कांचमहाल गेला. पुतण्याची जुनी दुचाकी विकून चारचाकी घेण्याचा विचार दोन वर्षें पुढें ढकलला गेला. त्यानें तो तक्रारीवांचून ढकलला, हें येथें नमूद करतों. कांचेचें काम तीन आठवड्यांत झालें असतें, या खोलीस पावसाळा मध्यें येईल. स्वस्त, सुंदर आणि लवकर होणारी वस्तु सोडून महाग, साधी आणि उशिराची वस्तु घेण्यास कुटुंबांत अकरांपैकीं अकरा मतें मिळणें सोपें नसतें. आमच्याकडे तीं नऊ मिळालीं. दोन मुलांचीं अजून कांचेकडेच आहेत.

घर वाढविण्याच्या विचारांत असलेल्या वाचकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, कांच कीं वीट हा प्रश्न आधीं घेऊं नये. आधीं एका कागदावर घरांतील प्रत्येक माणूस दिवसाच्या कोणत्या प्रहरीं कोठें असतें आणि त्यास त्या वेळीं माणसें हवीं असतात कीं शांतता, हें लिहावें. ज्याचें अंथरूण रोज गुंडाळावें लागतें त्याचें नांव प्रथम लिहावें. मग आपल्या आभाळाचा, म्हणजे उन्हाचा, पावसाचा व वाऱ्याचा हिशेब करावा. नवी खोली कोणत्या जुन्या खोलीचा उजेड घेते, तेंहि पहावें. एवढें झाल्यावर सामानाचा प्रश्न गवंडीहि सोडवूं शकेल.

परवानगी हातीं आली असून जोतें भरून झालें आहे. गेल्या आठवड्यांत सुतार दाराचें माप घेण्यास आला. आत्याबाई काठी टेकीत स्वतः तेथवर गेल्या, चौकटीची जागा त्यांनीं पाहिली आणि त्यास एकच सूचना केली: कडी आंतून बसव, बाहेरून बसवूं नको. सुतारानें तसें वहींत टिपून घेतलें आहे.